ऑलमोस्ट फेमस परत बघायचाय, कुठला कट बघू? आणि लेकीबरोबर बघितला तर चालेल का?

टेपडेक:

मंडळी, एक प्रश्न आहे, जरा लांबण लागेल पण वाचा प्लीज. कॅमेरॉन क्रोचा ऑलमोस्ट फेमस, २००० सालचा, हा पिक्चर मी कॉलेजात असताना भाड्याने आणलेल्या डीव्हीडीवर बघितला होता आणि तेव्हा अक्षरशः येडा झालो होतो. ज्यांनी बघितला नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, १९७३ साल, सॅन दिएगोमधला विल्यम मिलर नावाचा पंधरा वर्षांचा पोरगा, डोक्यात फक्त रॉक आणि त्यावर लिहायचं खूळ, रोलिंग स्टोन मासिकाचे लोक त्याला फोन करतात तर हा आवाज जाड करून बोलतो, त्यांना वयाचा पत्ता लागत नाही आणि ते त्याला स्टिलवॉटर नावाच्या नुकत्या वर येऊ बघणाऱ्या बँडबरोबर टूरवर पाठवतात. घरी आई काळजीनं अर्धी. बँड काल्पनिक आहे पण बाकी बरंचसं क्रोचं स्वतःचं आयुष्य आहे, त्याने जवळपास त्याच वयात रोलिंग स्टोनसाठी ऑलमन ब्रदर्स या बँडबरोबर फिरून लेख लिहिला होता.

आता घरी मोठा टीव्ही आणि बरे स्पीकर आलेत म्हणून परत बघायचा विचार आहे. शोधायला बसलो तर कळलं की दोन कट, म्हणजे दोन आवृत्त्या आहेत, थिएटरमध्ये आला तो साधारण दोन तासांचा आणि दुसरा बूटलेग कट म्हणतात तो, जवळपास पावणेतीन तासांचा. मी कुठला बघितला होता तेसुद्धा आता सांगता येणार नाही. तर कुठला बघावा? चाळीसेक मिनिटं जास्त आहेत ती कामाची आहेत की नुसतीच भर?

दुसरं म्हणजे माझी लेक पंधराची आहे, गिटारच्या क्लासला जाते, दिवसभर तिच्या खोलीतून लेड झेपेलिन बँडची गाणी ऐकू येतात. तिच्याबरोबर बघायची फार इच्छा आहे, कारण माझ्या डोक्यात हा पिक्चर म्हणजे गाण्याच्या प्रेमात पडणं कसं असतं ते दाखवणारा पिक्चर. पण पिक्चरमध्ये ड्रग्ज आहेत, बँडच्या मागे फिरणाऱ्या पोरी आहेत, अमेरिकेत त्याला आर रेटिंग होतं, म्हणजे सतराच्या आतल्यांनी मोठ्या माणसाबरोबरच बघायचा, आणि आमच्या घरी सीन पुढे ढकलायची पद्धत नाहीये, बघायचं तर सगळं बघायचं. कुणी आपल्या मुलांबरोबर बघितलाय का?

आणि खरं सांगू, थोडी भीतीपण आहे. तेव्हा मला तो विल्यम म्हणजे मीच वाटायचो. आता या वयात परत बघितला आणि तसं काहीच झालं नाही तर?


डिस्कवाला:

आधी डिस्कचं मिटवू. विकत घ्यायची असेल तर पॅरामाउंटने २०२१ मध्ये काढलेली फोर-के, म्हणजे जास्त बारकावे दाखवणारी डिस्क, घ्या. तिच्यात दोन्ही कट आहेत, त्यामुळे खरेदीपुरता तरी तुमचा प्रश्न सुटला, आणि ते नवं मास्टर क्रोच्या स्वतःच्या देखरेखीखाली झालंय. दुसरा फायदा म्हणजे फोर-के डिस्कला रीजनची, म्हणजे अमुक देशातली डिस्क तमुक देशात चालत नाही अशी, भानगड नाही, अमेरिकेतून कुणी येताना आणून दिली तरी आपल्याकडच्या फोर-के प्लेयरवर चालते. साध्या ब्लू-रेचं तसं नसतं, अमेरिकेचा रीजन ए आणि आपला सी, डीव्हीडीला त्यांचा १ आणि आपला ५, स्वस्तात मिळाली म्हणून मागवायची आणि मग प्लेयर ती घेतच नाही असं कित्येकांचं होतं. तेव्हा पाकिटावर बघून घ्या.

चित्राबद्दल सांगतो कारण याच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. कॅमेरा जॉन टोलचा आहे, लागोपाठ दोन वर्षं ऑस्कर घेतलेला माणूस. त्याने हा पिक्चर सगळा ऊबदार, पिवळसर, खिडकीतून येणाऱ्या उजेडात धरलाय, आणि स्टेजवरचे सीन मात्र काळोखात, मागून लाइट मारलेले. जुन्या डीव्हीडीवर त्या काळोखात काही धड दिसायचं नाही. आता दिसतं. विल्यमची बहीण घर सोडून जाताना पलंगाखाली तिच्या रेकॉर्ड ठेवून जाते आणि तो एकेक कव्हर काढून बघतो तो सीन आठवतोय ना? बीच बॉइज, झेपेलिन, जोनी मिचेल, हेंड्रिक्स, एकेक एलपी पुढे येते आणि त्याची बोटं त्या कव्हरवरून फिरतात. काही बोलणं नाही. मग द हू बँडच्या टॉमी या अल्बममध्ये बहिणीची चिठ्ठी सापडते की मेणबत्ती लावून हे ऐक, तुझं सगळं भविष्य दिसेल. तो सुई ठेवतो आणि मेणबत्तीच्या उजेडात बसतो, आणि तिथून पिक्चर एकदम काही वर्षं पुढे जातो. हा एवढा भाग मोठ्या पडद्यावर बघायला म्हणून डिस्क घेतली तरी पैसे वसूल आहेत असं माझं मत.

एक काम मात्र बघायच्या आधी नक्की करा. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन मोशन स्मूदिंग बंद करा, प्रत्येक कंपनी त्याला वेगळं नाव देते पण असतं सगळ्यांकडे. ते चालू असेल तर फिल्म अशी गुळगुळीत सरकते की सगळं संध्याकाळच्या मालिकेसारखं दिसायला लागतं. टीव्हीत फिल्ममेकर मोड असेल तर तोच लावा. आणि नॉइज रिडक्शनही बंद, तो बारीक रवा दिसतो तो दोष नाहीये, ती फिल्मच आहे.

बूटलेग कटमध्ये सुरुवातीला पडद्यावर ऑलमोस्ट फेमस असं नाव येणार नाही, अनटायटल्ड असं येईल. तेच नाव क्रोला हवं होतं. चुकीची फाइल लागली की काय म्हणून बंद करू नका.


पावसाळी_दुपार:

लेकीबरोबर बघा. मी माझ्या भाचीबरोबर बघितला, तीही साधारण याच वयाची, आणि मला वाटतं हा पिक्चर पंधराव्या वर्षी मोठ्या माणसाच्या शेजारी बसूनच बघावा असा आहे. पण तुम्ही तुमच्या आठवणीतला पिक्चर तिला दाखवायला जाल तर गडबड होईल, कारण तुमच्या आठवणीत तो विल्यमचा पिक्चर आहे आणि तुमची लेक बघणार पेनी लेनला.

पेनी लेन, म्हणजे केट हडसन. ती स्वतःला ग्रुपी म्हणवून घेत नाही, म्हणते आम्ही बँड एड्स, आम्ही संगीतासाठी इथे आहोत. मी विशीत बघितला तेव्हा मला ती जगातली सगळ्यात मोकळी मुलगी वाटली होती, तो कोट, ते केस, सगळ्या हॉटेलांत सगळ्यांना ओळखणारी. परत बघताना माझं लक्ष सगळ्यात आधी तिच्या वयाकडे गेलं. सुरुवातीलाच एक सीन आहे, ती विल्यमला वय विचारते, तो म्हणतो अठरा, ती म्हणते मीपण. मग तो म्हणतो सतरा, ती म्हणते मीपण. मग सोळा, तरी ती मीपण. शेवटी तो पंधरावर येतो. तेव्हा हा सीन गोड वाटला होता. आता कळतं की ती शाळकरी वयाची पोर आहे आणि रसेल हॅमंड, बँडचा गिटारिस्ट, घरी प्रेयसी असलेला बाप्या माणूस, तिला गावोगाव फिरवतोय आणि न्यूयॉर्कला ती प्रेयसी येणार म्हटल्यावर वाटेतच सोडून देतोय.

आणि मग तो पत्त्यांचा सीन. स्टिलवॉटरवाले जुगारात पेनी आणि तिच्या मैत्रिणी हम्बल पाय बँडला देऊन टाकतात, पन्नास डॉलर आणि बियरचा एक खोका. विल्यम न राहवून हे तिला सांगतो. तुम्ही प्लीज त्या क्षणी केट हडसनचा चेहरा बघा. ती काही बोलत नाही, मान जरा वळवते, डोळा पुसते, आणि मग हसून विचारते, कुठली बियर? एवढंच. माझ्या भाचीनं तिथे माझा हात धरला आणि नंतर पिक्चर संपेपर्यंत रसेलवर चिडून होती, आणि माझ्या मते तिचं बरोबर होतं. पेनी पुढे न्यूयॉर्कच्या हॉटेलात झोपेच्या गोळ्या जास्त घेते तो सीन येतो, तो तुम्हाला आधी माहीत असू दे, तिला आधी कल्पना द्यायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी दिली होती.

एका गोष्टीवर मात्र पिक्चरशी माझं भांडण आहे आणि ते मी लपवणार नाही. हॉटेलच्या खोलीत तिघी जणी मिळून विल्यमचं कौमार्य घालवायचं ठरवतात तो प्रसंग गंमत म्हणून दाखवलाय. तो पंधराचा आहे. मुलगा-मुलगी उलट करून बघा, कुणी असा सीन लिहिला असता का? भाचीनं नेमकं हेच विचारलं. त्यावर आमचं बोलणं पिक्चर संपल्यावर बराच वेळ चाललं, आणि ते झालं याचं मला बरं वाटतं. म्हणूनच म्हणते बरोबर बसून बघा, तिच्या हातात टॅब देऊन नको.

आता तुमच्या भीतीबद्दल. तसं काहीच झालं नाही तर असं विचारताय ना, होईल, पण दुसऱ्याच माणसाच्या बाबतीत होईल. विल्यमच्या आईच्या. ती झालीये फ्रान्सिस मॅकडॉर्मंड. पूर्वी मला ती आई म्हणजे नुसती आडकाठी वाटायची, रॉकवर बंदी, ख्रिसमस सप्टेंबरात साजरा करणार कारण डिसेंबरात बाजार मांडलेला असतो, सायमन आणि गारफंकेल या गायक जोडीच्या रेकॉर्डच्या कव्हरकडे बघून म्हणणार की बघ यांचे डोळे, हे नशेत आहेत. थिएटरात सगळे तिला हसत असणार. पण ती शिकवणारी बाई आहे, हुशार आहे, नवरा नाही, मोठी मुलगी भांडून घर सोडून गेलीये आणि आता धाकटा हातचा चाललाय, आणि तरी ती त्याला जाऊ देते! मला वाटतं या पिक्चरमधलं सगळ्यात धाडसी काम तीच करते. वर्गात शिकवता शिकवता तिचं बोलणं मध्येच तुटतं आणि ती पोरांसमोर म्हणून जाते की रॉक स्टारांनी माझ्या मुलाला पळवलंय. पूर्वी मी इथे खो खो हसले होते. या वेळी हसले नाही.

तिचा आणि रसेलचा फोनही नीट ऐका. तो मस्तीत फोन घेतो, आईला गुंडाळायला बघतो, आणि ती त्याला अशी काही सुनावते, शांतपणे, आवाज न चढवता, की एवढा मोठा स्टार शाळेतल्या पोरासारखा हो मॅम नाही मॅम करायला लागतो. शेवटी ती त्यालाही सांगते की अजून वेळ गेलेली नाही, तू चांगला माणूस होऊ शकतोस. म्हणजे आपल्या पोराची काळजी करता करता ती दुसऱ्याच्या पोरालाही घरचा सल्ला देऊन मोकळी होते. आपल्याकडच्या किती आया डोळ्यांसमोर आल्या म्हणून सांगू.

बूटलेग बघा. त्यात पेनीला आणि आईला श्वास घ्यायला जागा मिळते.


बेसलाइन:

वरच्या पोस्टला मनापासून दाद. मी जरा बँडच्या बाजूनं लिहितो कारण मी मुंबईत कॉलेजच्या बँडमध्ये बास वाजवायचो, रंगभवनला इंडिपेंडन्स रॉकसाठी रांगा लावलेल्या पिढीतला माणूस आहे, आणि रॉक बँडवरचे पिक्चर बघताना माझं लक्ष आधी बोटांकडे जातं. नटाचं बोट गिटारच्या तिसऱ्या फ्रेटवर, म्हणजे पट्टीवर, आणि आवाज बाराव्यातला, असं दिसलं की माझा पिक्चर तिथंच संपतो. ऑलमोस्ट फेमसमध्ये असं होत नाही आणि त्याचं कारण आहे.

क्रोनं पीटर फ्रॅम्प्टनला आणून बसवलं होतं. फ्रॅम्प्टन म्हणजे सत्तरच्या दशकातला खराखुरा गिटार स्टार, त्यानं आणि नॅन्सी विल्सननं, म्हणजे हार्ट बँडची गिटारिस्ट, जी तेव्हा क्रोची बायको होती, त्या दोघांनी नटांना आठवडेच्या आठवडे तालमी दिल्या. रसेल झालेल्या बिली क्रडपला गिटार येत नव्हती. बासिस्ट आणि ड्रमर मात्र खरे वाजवणारे, बासवर मार्क कोझेलेक आहे, रेड हाऊस पेंटर्स बँडचा. साउंडट्रॅकवर रसेलची गिटार पर्ल जॅमच्या माइक मॅक्रेडीनं वाजवलीये. आणि गंमत म्हणजे ज्या हम्बल पायला पेनीला देऊन टाकतात त्या बँडमध्ये फ्रॅम्प्टन स्वतः खऱ्या आयुष्यात होता आणि पिक्चरमध्ये तो हम्बल पायच्याच रोड मॅनेजरच्या छोट्या रोलमध्ये दिसतो. लेकीला सांगा शोधायला.

स्टिलवॉटरची गाणी विल्सन, क्रो आणि फ्रॅम्प्टन यांनी पिक्चरसाठी लिहिली, आणि मला त्यांचं सगळ्यात कौतुक या गोष्टीचं वाटतं की ती गाणी अगदी बेताची चांगली आहेत. फीव्हर डॉग ऐका. रिफ, म्हणजे गिटारचा तो परत परत येणारा तुकडा, दमदार आहे, अंगात येतो, पण हा बँड झेपेलिन कधी होणार नाही हेही त्यात ऐकू येतं. मुद्दाम अशी गाणी लिहिणं फार अवघड काम आहे राव. फार चांगली लिहिली असती तर गोष्ट खोटी पडली असती.

आणि बँडमधली भांडणं! टी-शर्ट छापून येतात, सगळे उत्साहानं उघडतात, तर फोटोत रसेल एकटा ठळक आणि बाकीचे मागे धूसर. गायक जेफ बेबे, म्हणजे जेसन ली, तिथे जो पेटतो, ते मी डोळ्यांनी बघितलंय. आमच्या वेळी टी-शर्ट नव्हते, पोस्टर होतं, आणि आमचा बँड त्या पोस्टरपायी सहा महिनेसुद्धा टिकला नाही. अॅरिझोनातल्या शोमध्ये अर्थिंग नीट नसतं आणि रसेलला माइकपाशी शॉक बसतो, तोही सीन ज्यानं कधी मांडवात किंवा कॉलेजच्या गॅदरिंगला वाजवलंय त्याच्या अंगावर काटा आणेल. ओठ माइकला लागल्यावर बसलेला तो चटका माणूस विसरत नाही, एक हात गिटारच्या तारांवर असतो आणि एका क्षणात सगळं शरीर तार होतं.

टायनी डान्सरबद्दल सगळेच लिहितात म्हणून मी थोडंच लिहितो. आदल्या रात्री टोपीकामध्ये रसेल बँडशी भांडून कुठल्याशा पोरांच्या घरी पार्टीला जातो, नशेत छपरावर चढतो, सकाळी त्याला तिथून उचलून बसमध्ये बसवतात. कुणी कुणाशी बोलत नाही. एल्टन जॉनचं ते गाणं चालू असतं, १९७१ च्या अल्बममधलं, आणि एकेक जण गुणगुणायला लागतो, मग सगळी बस गाते. कुणी माफी मागत नाही, कुणी समजूत काढत नाही. बँडमध्ये भांडण मिटतं ते असंच मिटतं, दुसरं कसलं मिटवणं मी तरी बघितलेलं नाही.

बूटलेगमधला रेडिओ स्टेशनचा सीन सोडू नका. रात्रीची मुलाखत, आरजे इतका तारेत की बोलता बोलता झोपून जातो आणि बँडवाले ऑन एअर वाट्टेल ते बोलत सुटतात. पोट धरून हसाल, आणि बँड म्हणून ती माणसं एकमेकांत कशी आहेत ते त्या सीनमध्ये फार छान दिसतं.

एक अवांतर पण लेकीला आवडेल म्हणून. ती झेपेलिनवाली आहे म्हणता, तर तिला सांगा की पिक्चरमधली गोष्ट घडते त्याच्या आदल्या वर्षी, १९७२ मध्ये, झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट आपल्या मुंबईत येऊन इथल्या वादकांबरोबर रेकॉर्डिंग करून गेले होते, फ्रेंड्स आणि फोर स्टिक्स ही दोन गाणी, सोबत विजय राघव राव. ती रेकॉर्डिंग अधिकृतपणे यायला २०१५ उजाडलं, कोडा अल्बमच्या नव्या आवृत्तीत आहेत. पिक्चरच्या आदल्या दिवशी ऐकवा.


सॅनहोजेकर:

मी इथे एकटा पडणार असं दिसतंय, तरी लिहितो. लेक पहिल्यांदा बघणार असेल तर थिएटर कट दाखवा. बूटलेग मला स्वतःला जास्त आवडतो, पण तो आधीच प्रेमात असलेल्या माणसासाठी आहे. त्याला त्या बसमध्ये अजून थोडा वेळ बसायचं असतं, गोष्ट पुढे सरकली नाही तरी चालतं. पंधरा वर्षांच्या मुलीला आधी गोष्टीनं ओढून न्यायला हवं. थिएटर कटच्या एडिटिंगला ऑस्करचं नामांकन होतं हे विसरू नका, त्या दोन तासांत एक सीन दुसऱ्यात असा मिसळतो की कापलंय कुठे ते कळत नाही. पटकथेचं ऑस्कर तर क्रोला मिळालंच.

आणि ज्या पिक्चरला समीक्षकांनी डोक्यावर घेतलं, रॉजर एबर्टनं त्या वर्षातला सर्वोत्तम म्हटलं, तो तिकीटबारीवर मात्र पडला होता. सुमारे सहा कोटी डॉलर खर्च आणि जगभरची कमाई पाच कोटींच्याही आत. आज आपण सगळे त्याच्याबद्दल इतकं बोलतोय ते डीव्हीडीमुळे. माणसांनी घरी बघितला, मित्राला दिला, मित्रानं परत केला नाही, असा तो पसरला. त्यामुळे घरी बघणं म्हणजे थिएटर हुकलं म्हणून दुधाची तहान ताकावर, असं या पिक्चरच्या बाबतीत मला कधीच वाटलं नाही.

लेस्टर बँग्जचा उल्लेख कसा काय कुणी केला नाही? फिलिप सेमूर हॉफमननं केलेला! मोजके सीन आहेत, शूटिंगच्या वेळी माणूस तापानं फणफणलेला होता म्हणतात, आणि तरी सगळा पिक्चर त्याच्या खांद्यावर उभा आहे. खरा लेस्टर बँग्ज क्रीम मासिकाचा संपादक होता, रॉकवर लिहिणाऱ्यांचा दादा माणूस, १९८२ मध्ये तेहतिसाव्या वर्षीच गेला. पिक्चरमध्ये तो विल्यमला पहिल्याच भेटीत बजावतो की या बँडवाल्यांशी मैत्री करू नकोस, ते तुला आपलंसं करतील आणि तू खरं लिहू शकणार नाहीस. शेवटी अपरात्री विल्यम त्याला फोन करतो तेव्हा तो घरीच असतो आणि सांगतो की मी नेहमी घरीच असतो, आपण भारी लोकांतले नाही. मला लिहिण्याबोलण्याच्या धंद्यात इतकी वर्षं झाली, तो फोन ऐकल्याशिवाय माझं वर्ष जात नाही. हॉफमनही २०१४ मध्ये गेला, त्यामुळे आता तो सीन बघताना जास्तच लागतो.


टेपडेक:

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. पावसाळी_दुपार, तुमची पोस्ट बायकोला वाचून दाखवली, ती म्हणाली मीपण बसणार. ठरलं असं की आधी तिघं मिळून थिएटर कट बघायचा, आणि लेकीला आवडला तर पुढच्या सुट्टीत बूटलेग. फोर-के डिस्क भाऊ डिसेंबरात येताना आणतोय.

फक्त एक शंका राहिली. लेकीनं कुठेतरी वाचलं की यात झेपेलिनच्या स्टेअरवे टू हेवन या गाण्यावर एक अख्खा सीन आहे पण त्यात स्टेअरवेच नाही. हे काय प्रकरण आहे?


डिस्कवाला:

बरोबर वाचलंय तिनं. विल्यमला टूरवर जायला आई नाही म्हणते तेव्हा तो तिला म्हणतो फक्त एक गाणं ऐक, आणि तिला आणि घरी आलेल्या मंडळींना समोर बसवून अख्खं स्टेअरवे ऐकवतो. सीन खरंच तसा शूट झाला, गाणं आठ मिनिटांचं आणि तेवढा वेळ पडद्यावर माणसं नुसती ऐकताहेत, आणि मॅकडॉर्मंडच्या चेहऱ्यावर काय काय होतं ते बघण्यासारखं आहे. पण झेपेलिननं पिक्चरला बाकीची काही गाणी दिली, टँजरिन, द रेन साँग, मिस्टी माउंटन हॉप वगैरे, स्टेअरवे मात्र दिलं नाही. त्यामुळे सीन पिक्चरमधून गेला.

मग क्रोनं २००१ च्या बूटलेग डीव्हीडीवर तो सीन वेगळा टाकला, गाण्याशिवाय, आणि ठरावीक जागी पडद्यावर सूचना येते की आता तुमच्याकडचं गाणं सुरू करा. तुम्ही तुमच्या घरची रेकॉर्ड किंवा सीडी लावायची आणि ती सीनबरोबर चालते. थिएटरात हे शक्यच नव्हतं.

तर लेकीला कामाला लावा. फोनवरून वाजवू नका, मधे जाहिरात किंवा कुणाचा कॉल आला तर सगळं फिसकटेल. गाण्याची फाइल किंवा सीडी त्याच स्पीकरला जोडून ठेवा, पॉज करून सुरुवातीवर आणा, आणि खूण आली की तिनं बटण दाबायचं. पहिल्यांदा पुढेमागे झालं तर परत लावा, गिटार आणि विल्यमचे हातवारे जुळले की कळतंच. आणि हा सीन पिक्चर बघून झाल्यावर, मध्ये नको, नाहीतर थिएटर कटची लय जाईल.

बूटलेगच्या वेळेसाठी अजून एक. त्या कटवर क्रोची कॉमेंटरी आहे आणि त्यात त्याच्याबरोबर त्याची खरी आई बसलीये, अॅलिस क्रो, जिच्यावरून मॅकडॉर्मंडची आई बेतली ती. पिक्चरमध्येही ती एका सीनमध्ये आहे. मुलानं आपल्यावर काढलेला पिक्चर आई त्याच्या शेजारी बसून बघतेय आणि बोलतेय. २०१९ मध्ये ती गेली. तुमच्या मिसेस बसणार म्हणताय ना, ही कॉमेंटरी त्यांना नक्की ऐकवा.


पावसाळी_दुपार:

टेपडेक, बघून झाल्यावर लेकीला पेनीबद्दल आणि तुमच्या मिसेसना आईबद्दल काय वाटलं ते इथे येऊन लिहा. वाट बघतेय.